श्रेष्ठिवर्य कस्तुरभाई लालभाई : वाटणीतून उभारणी
अहमदाबादच्या सुप्रसिद्ध जैन श्रेष्ठी घराण्यात १९ डिसेंबर १८९४ रोजी कस्तुरभाईंचा जन्म झाला. पिता लालभाई दलपतभाई व त्यांचे बंधू यांचा एकत्र व्यवसाय पुढे विभक्त झाला. शहरातील सरसपूर गिरणी बंधूंकडे गेली, रायपूर गिरणी लालभाईंच्या वाट्यास आली. १९१२ मध्ये लालभाई निवर्तले आणि अवघ्या १७ वर्षांच्या कस्तुरभाईंनी महाविद्यालय सोडून गिरणीचा भार शिरावर घेतला. कापसाची पारख त्यांनी स्वतः आत्मसात केली. १९३१ मध्ये नरोत्तमभाई व चिमणभाई या बंधूंसमवेत त्यांनी अरविंद मिल स्थापिली. आणंदजी कल्याणजी पेढीचे प्रमुख या नात्याने राणकपूरच्या जीर्णोद्धाराची धुराही वाहिली. २० जानेवारी १९८० रोजी ते कालवश झाले. वाटणीने मालमत्ता विभागली जाते. कर्तृत्व विभागले जात नाही, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय.