गाडीच्या पत्र्यासाठी शोधलेला कर्व्ह आज तुमच्या मोबाईलमधल्या पीडीएफमध्ये बसलाय

लग्नपत्रिका असो नाहीतर दुकानाचा फ्लेक्स, छपाईवाल्याकडे डिझाईन पाठवलं की तिकडून हमखास निरोप येतो, फाइल कर्व्ह करून पाठवा. आपण कॉम्प्युटरवाल्या पोराला सांगतो, तो दोन बटणं दाबतो आणि काम होतं.

पण हा कर्व्ह म्हणजे नेमकं काय, हे कोणी विचारत नाही. त्याचं उत्तर शोधायला पॅरिसजवळच्या एका मोटार कारखान्यात जावं लागतं. तिथे एका इंजिनिअरने आयुष्याची 42 वर्षं काढली. त्यांचं नाव पिएर बेझिए.

बेझिए यांचा जन्म 1 सप्टेंबर 1910 चा, पॅरिसमधला. घरात वडील इंजिनिअर, आजोबाही इंजिनिअर. पोरगंही त्याच वाटेने गेलं. 1930 साली मेकॅनिकलची पदवी घेतली, पुढच्या वर्षी इलेक्ट्रिकलची. 1933 मध्ये ते रेनॉ या मोटार कंपनीत लागले, ते सुद्धा थेट केबिनमध्ये नाही, तर शॉप फ्लोअरवर मशीनचं टूल बसवण्याच्या कामावर. तिथून टूल डिझाईन, मग त्या विभागाचे प्रमुख, असं करत ते वर चढले. मध्ये दुसरं महायुद्ध आलं आणि काही काळ जर्मनांच्या कैदेतही गेला.

युद्धानंतर रेनॉने फोरसीव्ही नावाची छोटी, स्वस्त गाडी काढली. दहा लाखांच्या वर खपलेली ही पहिली फ्रेंच गाडी. तिचे बहुतेक मेकॅनिकल पार्ट ज्या ऑटोमॅटिक लाईनवर तयार व्हायचे, त्या लाईनच्या डिझाईनची जबाबदारी बेझिएंकडे होती. म्हणजे गणित वगैरे राहू द्या, माणूस मूळचा कारखान्यातला होता.

आणि कारखान्यात त्यांना एक गोष्ट कायम खटकत होती.

त्या काळी गाडीचा आकार ठरायचा कसा? स्टायलिस्ट स्केच काढायचा. त्यावरून मातीचं किंवा प्लास्टरचं मॉडेल व्हायचं. ड्राफ्ट्समन लवचिक पट्टी वाकवून त्याच्या रेषा कागदावर घ्यायचा. कागदावरून पत्र्याचे साचे, साच्यांवरून लाकडी मास्टर मॉडेल आणि त्यावरून प्रेसची डाय. प्रत्येक हातबदलात आकार थोडा थोडा सरकायचा. शेवटी दरवाजा आणि बॉडी एकमेकांना बसली नाही की भांडण ठरलेलं. ड्रॉइंग बरोबर की मॉडेल बरोबर? कुणाचं खरं मानायचं, हे सांगणारी एकही गोष्ट कारखान्यात नव्हती.

सरळ रेषा आणि वर्तुळ आकड्यांत सांगता येतं. पण बॉनेटचा तो लांबलचक, डोळ्याला गोड वाटणारा बाक आकड्यांत कसा सांगणार? आणि तोही अशा पद्धतीने, की गणित न शिकलेल्या स्टायलिस्टला वापरता यावा?

1960 च्या सुमारास बेझिए या प्रश्नाच्या मागे लागले. तेव्हा त्यांची पन्नाशी आली होती.

त्यांनी काढलेला तोडगा आज ज्या रूपात वापरला जातो, तो फार सोपा आहे. चार बिंदू घ्या. पहिल्यापासून रेषा सुरू होते, चौथ्यावर संपते. मधले दोन बिंदू रेषेवर नसतात, ते बाहेर उभं राहून तिला आपल्याकडे ओढतात. रेषा निघते ती दुसऱ्या बिंदूच्या दिशेने आणि पोचते ती तिसऱ्याच्या दिशेकडून. बाक आवडला नाही? बाहेरचा बिंदू थोडा हलवा, रेषा लगेच वळते. गणित मशीन करेल, माणसाने फक्त डोळ्याने बघायचं.

यावरून रेनॉमध्ये युनिसर्फ ही प्रणाली उभी राहिली. त्यात कॉम्प्युटरला दिलेले आकडे हेच मास्टर मॉडेल. त्याच आकड्यांवरून ड्रॉइंगही निघणार आणि मशीनवर मॉडेलही कोरलं जाणार. दोघांत फरक पडायला जागाच नाही.

पण गोष्टीत एक ट्विस्ट आहे.

रेनॉची कट्टर स्पर्धक सित्रोएन. तिथे पॉल द कास्तेल्जो नावाच्या तरुण गणितज्ञाने 1959 मध्येच हे काम वेगळ्या वाटेने करून ठेवलं होतं. कंपनीने ते धंद्याचं गुपित म्हणून कुलपात ठेवलं. बेझिएंनी मात्र आपलं काम लेख लिहून जगापुढे मांडलं. झालं, जगाने त्या रेषेला नाव दिलं बेझिए कर्व्ह. द कास्तेल्जो यांच्या वाट्याला ती रेषा काढण्याच्या रीतीचं नाव आलं, तेही उशिरा. शोध आधी कोणी लावला यापेक्षा तो आधी कोणी उघड केला, यावर नाव ठरलं.

1975 मध्ये बेझिए रेनॉतून बाहेर पडले आणि 1977 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षाच्या आसपास, त्यांनी गणितातली डॉक्टरेट मिळवली.

मग हा कर्व्ह छपाईत कसा आला?

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. मोठा केला की ठिपके दिसतात, कडा फाटतात. 1984 मध्ये अडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट ही भाषा आणली. ती प्रिंटरला ठिपके पाठवण्याऐवजी सूचना पाठवायची, इथून रेषा काढ, इथे वळव, आत काळा रंग भर. अक्षरांच्या वळणांसाठी बेझिए कर्व्ह वापरले होते. यालाच व्हेक्टर म्हणतात. तीच फाइल व्हिजिटिंग कार्डावर छापा नाहीतर होर्डिंगवर, कडा धारदारच राहणार. 1985 मध्ये ॲपलच्या लेझर प्रिंटरमध्ये पोस्टस्क्रिप्ट बसली, 1987 मध्ये इलस्ट्रेटर आलं, 1993 मध्ये पीडीएफ आणि 2001 मध्ये वेबसाठी एसव्हीजी. सगळ्यांच्या पोटात तोच कर्व्ह.

छपाईवाला कर्व्ह करायला सांगतो, ते यासाठीच. तुमच्याकडचा मराठी फॉन्ट त्याच्याकडे नसेल तर 'श्री' च्या जागी भलतंच चिन्ह उमटतं. कर्व्ह केलं की अक्षराचं अक्षरपण जातं आणि नुसता आकार उरतो. तो बिघडत नाही, पण मग त्यात शुद्धलेखनाची चूकही टाइप करून सुधारता येत नाही. म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवायची. आणि हो, व्हॉट्सॲपवरून आलेला जेपीजी लोगो पीडीएफमध्ये टाकला म्हणून व्हेक्टर होत नाही. ठिपके ते ठिपकेच राहतात.

25 नोव्हेंबर 1999 रोजी बेझिए गेले. तोवर त्यांचं नाव गाड्यांपेक्षा ग्राफिक्सच्या जगात जास्त घेतलं जात होतं. 1985 मध्ये कॉम्प्युटर ग्राफिक्समधला मानाचा कून्स पुरस्कारही त्यांना मिळाला होता.

कारखान्यातलं भांडण मिटावं, प्रत्येकाच्या हातात तोच एक आकार असावा, एवढंच त्यांना हवं होतं. आज पुण्यात बनवलेली पत्रिका शिकागोतल्या नातेवाइकाच्या फोनवर जशीच्या तशी उघडते, तेव्हा त्यातल्या प्रत्येक वेलांटीत तेच काम चालू असतं.