राघोबादादा आणि सुरतेचा तह

अठराव्या शतकातील मराठी दौलतीच्या इतिहासात रघुनाथराव पेशव्यांचे नाव दोन परस्परविरोधी कारणांनी घेतले जाते. मराठी फौजा अटकेपर्यंत नेणाऱ्या मोहिमेचे सेनापती म्हणून त्यांचा गौरव होतो. घरच्या भांडणात इंग्रजांना ओढून आणल्याबद्दल त्यांना दोषही दिला जातो. या दोन टोकांच्या मधोमध तापीकाठचे सुरत उभे आहे. ६ मार्च १७७५ रोजी तेथे झालेल्या तहाने परकीय मदतीचा एक असा व्यवहार घडविला की त्याची परतफेड पुढील तीन पिढ्यांना करावी लागली.

थोरले बाजीराव व काशीबाई यांचे हे पुत्र. त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १७३४ रोजी साताऱ्याजवळील माहुली येथे झाला. वडिलांचे छत्र सहाव्या वर्षीच हरपले आणि ते थोरले बंधू नानासाहेब यांच्या आश्रयाने वाढले. रणांगणावरील धडाडी त्यांच्या अंगी उपजतच होती. १७५३ मध्ये दमाजी गायकवाडांच्या सोबतीने त्यांनी अहमदाबाद जिंकले. १७५८ च्या एप्रिलमध्ये ते लाहोरास पोहोचले व त्याच मोहिमेत मराठी फौजा अटकेला जाऊन भिडल्या. परंतु जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था लावणे, वसुली बसविणे, हिशेब राखणे ही कामे त्यांच्या प्रकृतीची नव्हती. एवढ्या मोठ्या मोहिमेहून ते परतले, तेव्हा पुण्याच्या खजिन्यात भर पडण्याऐवजी कर्जाचा बोजा वाढला.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर दौलतीची एक पिढी कापली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेबांचे निधन झाले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांकडे पेशवाईची वस्त्रे आली. उत्तरेतील खंडणी थांबली होती, सावकारांची देणी थकली होती, निजाम व हैदर सरहद्दीवर टपले होते. युद्धाने खचलेले राज्य पुन्हा उभे कसे करावे, हा प्रश्न चुलत्या-पुतण्यांपुढे एकाच वेळी आला. दोघांनी त्याची उत्तरे मात्र वेगळी शोधली.

माधवरावांनी घरातील शिस्तीपासून आरंभ केला. रयतेवरील वेठबिगार बंद करविली, रामशास्त्री प्रभुण्यांसारख्या निःस्पृह पुरुषाकडे न्यायदान सोपविले, कारभाऱ्यांच्या हिशेबांवर स्वतः नजर ठेवली. राघोबादादांना मात्र पुतण्याच्या हाताखाली राहणे रुचले नाही. १७६२ मध्ये त्यांनी निजामाची मदत घेतली आणि मोबदल्यात त्याला मोठा मुलूख देऊ केला. नोव्हेंबरात आळेगाव येथे माधवरावांना शरण यावे लागले. घरात फूट वाढू नये म्हणून त्यांनी स्वतःच चुलत्याच्या स्वाधीन होणे पत्करले. पण पुढच्याच वर्षी त्याच निजामाने पुण्यावर चालून येऊन शहर लुटले व जाळले. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनच्या लढाईत चुलते-पुतणे एकत्र लढले, तेव्हा कोठे हे संकट टळले. मदत देणारा मित्र असतोच असे नाही, हा धडा राघोबादादांना सुरतेच्या तहापूर्वी बारा वर्षे मिळाला होता.

मुंबईच्या इंग्रजांचे लक्ष तेव्हापासूनच वसई व साष्टीवर होते. ही साष्टी गोव्यातील नव्हे, तर मुंबईलगतचे बेट. पोर्तुगीजांच्या ताब्यातील हा मुलूख १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत मिळविला होता. १७६७ मध्ये कंपनीचा वकील मॉस्टिन पुण्यास आला, तरी माधवरावांनी या ठाण्यांचा विषय पुढे सरकू दिला नाही. १७६८ मध्ये धोडप येथे पराभूत झालेल्या चुलत्यास त्यांनी शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. पानिपतानंतर अवघ्या दहा वर्षांत मराठी फौजा दिल्लीत परतल्या आणि १७७२ मध्ये बादशहा शाह आलम त्यांच्याच संरक्षणाखाली आपल्या राजधानीत आला. राज्याची ही पुनर्बांधणी कोणाच्याही फौजेचे वेतन न देता झाली होती.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने माधवरावांचा अंत झाला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा पेशवे झाले खरे, पण रामशास्त्र्यांनी त्यांनाच दोषी ठरविले. १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर पुत्र झाला आणि सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी बारभाईंनी त्या बालकाच्या नावे कारभार हाती घेतला. राघोबादादांजवळ आता ना पुणे होते, ना खजिना, ना सरदारांचा भरवसा.

याच सुमारास गमावलेली साष्टी परत घेण्यासाठी पोर्तुगीज आरमार येत असल्याची वार्ता मुंबईस पोहोचली. गोव्याच्या सत्तेने पाऊल उचलण्याआधीच आपण ते ठिकाण घ्यावे, असे ठरवून इंग्रजांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. म्हणजे राघोबादादांशी करार होण्यापूर्वीच कंपनीने मोबदल्याचा मोठा भाग आपल्या हाताने उचलला होता. फेब्रुवारी १७७५ मध्ये मही नदीच्या परिसरात हरिपंतांनी त्यांचा पराभव केला. राघोबादादा खंबायतेहून भावनगरला व तेथून जहाजाने सुरतेस इंग्रजांच्या आश्रयाला गेले.

तेथे ठरलेल्या अटी पाहिल्या म्हणजे या मदतीचे स्वरूप स्पष्ट होते. कंपनीने सुमारे अडीच हजारांची फौज द्यावी. तिच्या खर्चासाठी राघोबादादांनी दरमहा दीड लाख रुपये द्यावेत. तारण म्हणून सहा लाखांचे जडजवाहीर कंपनीच्या स्वाधीन करावे. याशिवाय वसई, साष्टी आणि गुजरातेतील जंबुसर व ओलपाड हे परगणे कायमचे तोडून द्यावेत. भरूच व सुरत येथील मराठ्यांच्या वसुलीतही कंपनीला वाटा असावा. मात्र ही फौज राघोबादादांना पेशवेपदी बसविण्यापुरतीच होती. उद्ध्वस्त मुलखातील शेत, पेठ वा रयत यांच्या सावरण्याचा विचार त्या कागदात कोठेही नव्हता.

त्याहून गंभीर दोष निराळाच होता. जो मुलूख राघोबादादांनी लिहून दिला, त्याचा बराचसा भाग त्यांच्या ताब्यातच नव्हता. तो देण्याचा अधिकार पुण्याच्या मसनदीचा आणि ती मसनद मिळविण्यासाठीच तर ही मदत हवी होती. याचा परिणाम असा की, लढाई जितकी लांबेल तितके देणे फुगत जाणार आणि देणे फुगेल तितका देणेकरी सावकाराच्या मुठीत जाणार.

घडलेही तसेच. १८ मे १७७५ रोजी अडास येथे कर्नल कीटिंगच्या फौजेने हरिपंतांना रोखले, पण निर्णायक विजय कोणालाच मिळाला नाही. तिकडे कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जप्रणीत कौन्सिलने, मुंबईकरांना असा तह करण्याचा अधिकारच नाही, असे ठरवून तो अमान्य केला व १ मार्च १७७६ रोजी बारभाईंशी पुरंदरचा तह केला. त्यानुसार राघोबादादांनी पेन्शन घेऊन कोपरगावी राहावयाचे होते. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. ज्याच्यासाठी मदत देऊ केली तो बाजूला पडला आणि तारण तेवढे पक्के झाले.

पुढील तीन वर्षे राघोबादादा सुरत व मुंबई यांच्या दरम्यान आश्रित म्हणून फिरत राहिले. पुण्यात सेंट लुबिन या फ्रेंच प्रतिनिधीचा झालेला सत्कार पाहून इंग्रज बिथरले आणि १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना घेऊन बोरघाट चढले. नाना फडणिसांनी फ्रेंचांचा उपयोग इंग्रजांना धाकात ठेवण्यापुरता केला होता. त्यांना एकही परगणा दिला नव्हता. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रज फौजेला मानहानीकारक करार करावा लागला. राघोबादादा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले. परंतु झाशीकडे नेले जात असता वाटेत निसटून पुन्हा सुरतेसच जनरल गॉडर्डपाशी गेले. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने हे युद्ध संपले. साष्टी कंपनीला मिळाली, बालक सवाई माधवरावांचे पेशवेपद मान्य झाले आणि राघोबादादांना दरमहा पंचवीस हजारांचे पेन्शन ठरले. ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगाव येथे त्यांचे निधन झाले.

सुरतेच्या कागदाची छाया त्यांच्या मुलावरही पडली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी वसईस जो तह केला, त्यात कंपनीची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी तोडून दिलेला मुलूख आणि सुरतेवरील मराठ्यांचे हक्क सोडणे ही सारी कलमे आली. वडिलांनी ठराविक कामासाठी मागितलेली फौज मुलाच्या दारी कायमची बसली. १८१८ मध्ये पेशवाईच संपली.

विसाव्या शतकात युद्धानंतरच्या पुनर्बांधणीसाठी परकीय मदत हे राजनीतीचे एक स्वतंत्र शास्त्रच झाले. १९४८ ते १९५२ या काळात अमेरिकेने मार्शल योजनेद्वारे पश्चिम युरोपला सुमारे १३ अब्ज डॉलर दिले. त्यातही अमेरिकेचा स्वार्थ होताच. परंतु मोठा भाग अनुदानाचा होता आणि आपल्या गरजांचा आराखडा त्या देशांनी एकत्र बसून मांडला होता. सुरतेस यांपैकी काहीच नव्हते. राघोबादादांच्या शौर्याविषयी त्यांच्या शत्रूंनाही शंका नव्हती. माधवरावांची दहा वर्षे त्यांनी डोळ्यांदेखत पाहिली होती. मोडलेले राज्य उभे करण्याचा तो मार्ग संथ व कष्टाचा होता, पण त्यात मुलूख गहाण पडत नव्हता. तो सोडून त्यांनी सुरतेची वाट धरली.