दगडांना प्रश्न विचारणारा मिशनरी : स्टीफन हिस्लॉप

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला नरखेड तालुका वसला आहे. संत्र्याच्या बागांसाठी तो सर्वपरिचित आहे. येथे विहीर खणू लागले की प्रथम काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली कठीण काळा पाषाण लागतो. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे, असे आपली मुले शाळेत शिकतात. रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात तीच मुले परमेश्वराने सृष्टी निर्माण केली हे शिकतात. मग दोहोंपैकी खरे कोणते, असा प्रश्न घरी विचारला जातो आणि पालक गोंधळतात. हा प्रश्न टाळू नये असे आम्हास वाटते. म्हणूनच याच नागपूरच्या भूमीत आयुष्य वेचलेल्या एका मिशनरीचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. ते कॅथलिक नव्हते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे ते धर्मोपदेशक होते. १८४४ च्या अखेरीस ते भारतात आले आणि १८४५ मध्ये नागपुरास पोहोचले. त्या वेळी तेथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी मराठी भाषा आत्मसात केली, शाळा काढली आणि गावोगावी फिरून शुभवर्तमानाची घोषणा केली. पुढे त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर हेही त्यांना येऊन मिळाले.

१८५१ साली नागपूरजवळच्या टाकळी येथे या दोघांना दगडात रुतलेले जीवाश्म आढळले. असे दगड त्यापूर्वी कोणाच्या पायाखाली आले नसतील असे नाही. परंतु हिस्लॉप थांबले, वाकले आणि त्यांनी दगडाला प्रश्न विचारला. विज्ञानाचा आरंभ असाच होतो.

काळा पाषाण हा थिजलेला लाव्हा आहे, त्यामुळे त्यात सहसा जीवाश्म सापडत नाहीत. मात्र त्याच्या दोन थरांच्या मधोमध कोठे कोठे एक पातळ, वेगळाच थर दिसतो. टाकळीच्या या थरात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, वनस्पतींची बीजे आणि भुंग्यांचे अवशेषही होते. त्यावरून अनुमान निघाले की लाव्हा सतत वाहत नव्हता. मध्यंतरी शांततेचा काळ येऊन गेला, त्या काळात तळी साचली आणि त्यांच्या काठी जीवसृष्टी नांदली.

असे अनुमान करण्यास आधार लागतो. खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा, हा भूस्तरशास्त्राचा मूलभूत नियम निकोलस स्टेनो यांनी १६६९ साली मांडला. हे डॅनिश शास्त्रज्ञ पुढे कॅथलिक धर्मगुरू आणि नंतर बिशप झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. एका कॅथलिक बिशपने दिलेली किल्ली एका प्रोटेस्टंट मिशनरीने विदर्भात वापरली, यात आम्हास मोठा अर्थ दिसतो.

एका जागी सापडलेल्या पुराव्यावर हिस्लॉप विसंबले नाहीत. धर्मप्रचाराच्या दौऱ्यांत ते ठिकठिकाणचे थर पाहत, नमुने गोळा करीत, नोंदी ठेवीत व त्यांची तुलना करीत. जे आपल्याला ओळखता येत नाही ते त्यांनी जाणकारांकडे धाडले. मांगली येथील एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी केले, तर वनस्पतींचे जीवाश्म चार्ल्स बनबरी यांनी अभ्यासिले. हिस्लॉप व हंटर यांनी आपला निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे ठेवला. स्वतःचे म्हणणे इतरांच्या परीक्षेस उघडे करणे हा वैज्ञानिक पद्धतीचा प्राण होय.

या परीक्षेत त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले असे नाही. शंखांची तुलना करून त्यांनी हे थर तृतीयक कालखंडात, म्हणजे डायनासोर नष्ट झाल्यानंतरच्या काळात बसविले होते. पुढे अधिक जीवाश्म मिळाले, खडकांतील किरणोत्सारी द्रव्यांवरून वय मोजण्याची पद्धत आली, आणि नागपूरचे हे थर त्याहून जुने, डायनासोरांच्या अखेरच्या काळातील ठरले. कालनिर्णय बदलला, निरीक्षण मात्र कायम राहिले. ज्या नोंदी आणि नमुने त्यांनी प्रामाणिकपणे जपले, त्यांच्याच आधारे पुढील पिढ्यांना सुधारणा करता आली. विज्ञानात चूक दुरुस्त होणे ही नामुष्की नव्हे. पुरावा समोर असूनही हट्ट न सोडणे, ही खरी नामुष्की.

हिस्लॉप यांची जिज्ञासा दगडांपुरती नव्हती. गोंड बांधवांची भाषा, गीते व चालीरीती त्यांनी आस्थेने टिपून ठेवल्या. पुढे याच गोंडांच्या भूमीवरून भूवैज्ञानिकांनी गोंडवन हे नाव घेतले आणि दक्षिणेकडील खंडांच्या प्राचीन महाभूमीला ते जगभर लाभले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेले होते. परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. सेहेचाळिसावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर होता. त्यांनी गोळा केलेली आदिवासींविषयीची टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आजही त्यांचे नाव मिरवीत आहे, आणि हिस्लॉपाइट या खनिजालाही त्यांचेच नाव आहे.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. खडक केव्हा व कसा झाला हे विज्ञान निरीक्षणाने, अनुमानाने आणि पडताळ्याने शोधते. ही सृष्टी मुळात का आहे आणि कोणाच्या प्रेमातून आहे, हे श्रद्धा सांगते. उत्पत्तीच्या पुस्तकात भूगर्भशास्त्राचे कोष्टक शोधू नये आणि भूगर्भशास्त्राकडून तारणाची अपेक्षाही धरू नये. सत्य एकच असल्याने सत्याच्या शोधाला भाविकाने घाबरण्याचे कारण नाही. श्रद्धा व बुद्धी यांचे हेच नाते पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ च्या आपल्या विश्वपत्रात उलगडले आहे.

म्हणून आमची पालकांना व धर्मशिक्षकांना विनंती आहे की मुलांच्या प्रश्नाला गप्प बसविण्याने उत्तर देऊ नका. ऐकीव चमत्कार असो वा वर्तमानपत्रातील दावा, हे कशावरून, असे विचारण्याची सवय त्यांना लावा. विहिरीतून निघालेला दगड त्यांच्या हाती द्या आणि नीट पाहू द्या. हिस्लॉप यांनी टाकळीला तेच केले होते, आणि त्यामुळे त्यांची प्रार्थना उणावली नाही. निर्मात्याची ही सृष्टी जाणून घेण्याचे धैर्य व नम्रता प्रभू आपल्या लेकरांना देवो.