डॉक्टर नसलेले र. धों. कर्वे

आमच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात एक प्रसंग वर्षानुवर्षे तसाच घडतो. दुसरे-तिसरे मूल झालेल्या बाईला पुढे काय करायचे ठरवले आहे, असे विचारले की ती सासूकडे बघते. सासू सांगते, हिचेच ऑपरेशन करून टाका. नवऱ्याचे का नको, असे विचारले की आजूबाजूच्या खाटांवर हशा पिकतो. त्याला ओझी उचलावी लागतात, त्याला कमजोरी येईल, ही उत्तरे ठरलेली. अशा वेळी मला हमखास रघुनाथ धोंडो कर्वे आठवतात. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते; ते गणित शिकवायचे. पण जे काम आम्हा डॉक्टरांनी करायला हवे होते, ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी अंगावर घेतले.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी दापोलीजवळच्या मुरूडचा. वडील म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, त्याची आई राधाबाई बाळंतपणात गेली. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आधीपासूनचा रक्तक्षय यांनी त्या काळी घरोघरी बायका जात, आणि लागोपाठच्या बाळंतपणांत हा धोका वाढतच जाई. वडिलांनी पुढे विधवेशी पुनर्विवाह केला आणि स्त्रीशिक्षणाला आयुष्य वाहिले. मुलाने स्त्रीच्या प्रश्नाची दुसरी बाजू हाती घेतली. शिकलेल्या बाईलाही किती मुले व्हावीत हे ठरवता येत नसेल, तर त्या शिक्षणाचा तिला उपयोग किती?

रघुनाथराव हुशार विद्यार्थी. फर्ग्युसनमधून पदवी घेतली, पॅरिसला जाऊन गणिताचा पुढचा अभ्यास केला, मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातले हे पहिलेच. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. पत्नी मालतीबाईंचा या कामाला पुरता पाठिंबा होता, आणि तो नसता तर केंद्र उभेच राहिले नसते, असे मला वाटते. पाळणा लांबवण्याविषयी परपुरुषाशी बोलायला त्या काळची बाई धजावणार कशी?

तेव्हा गोळ्या नव्हत्या, तांबी नव्हती. साधने म्हणजे पुरुषांसाठी रबरी निरोध आणि बायकांसाठी गर्भाशयाच्या तोंडाशी बसवायची रबरी टोपी, जोडीला शुक्रजंतू मारणारे मलम. टोपी मापाची नसेल तर ती कुचकामी ठरते. ती बसवायला शिकवावी लागते, संबंधानंतर काही तास आत ठेवावी लागते. म्हणजे नुसती वस्तू हातात देऊन भागत नाही, समोर बसून समजावून सांगावे लागते. आज ज्याला आम्ही समुपदेशन म्हणतो आणि ओपीडीच्या गर्दीत पाच मिनिटांत उरकतो, ते हेच.

कर्वे दांपत्याने स्वतः मूल होऊ न देण्याचे ठरवले होते. त्यासाठी शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी करून घेतली, मालतीबाईंनी नाही. ओझ्याचे कारण सांगणाऱ्या घरांना मी हे मुद्दाम सांगतो. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून काही मिनिटांत होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. फक्त शुक्रजंतू वाहून नेणारी नळी बंद होते. संप्रेरक रक्तात पूर्वीसारखेच उतरत राहते, त्यामुळे ताकद किंवा कामेच्छा कमी होत नाही. मात्र पहिले तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि वीर्य तपासून खात्री करून घ्यायची. बाईच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते किंवा दुर्बीण घालावी लागते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुष नसबंदीचे ०.३.

या कामापायी रघुनाथरावांना १९२५ मध्ये प्राध्यापकी सोडावी लागली. पगार गेला, काम वाढले. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि तोटा सोसून मरेपर्यंत चालवले. त्यात वाचकांच्या प्रश्नांना ते उत्तरे देत. प्रश्न कोणते? हस्तमैथुनाने शक्ती जाते का, अशासारखे. आजही दार लोटून, आवाज खाली आणून धात जाण्याची तक्रार सांगणारे तरुण माझ्याकडे येतात. त्यांचा आजार बहुतेक वेळा भीतीचा असतो, आणि तीवर औषध म्हणजे खरी माहिती. ही माहिती दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये शंभर रुपये दंड झाला, १९३४ मध्ये दोनशे. दुसऱ्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लोकांना लैंगिक प्रश्न पडतात तर त्यांची ज्ञानाने उत्तरे देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, असा तो युक्तिवाद होता. खटला हरला.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. त्या काळच्या सुप्रजननशास्त्राचा प्रभाव त्यांच्या लेखनावर दिसतो, आणि कोणी मुले जन्माला घालावीत हे दुसऱ्याने ठरवण्याची ती वाट पुढे फार वाईट ठिकाणी गेली. शिवाय लिहिण्यात ते इतके परखड की पटू शकणारी माणसेही दुखावत.

मालतीबाई १९४४ मध्ये गेल्या. रघुनाथराव एकटे मासिक चालवत राहिले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्या कामासाठी त्यांना नोकरी सोडावी लागली होती, ते आता सरकारी धोरण झाले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव वारले. महर्षी तेव्हा पंच्याण्णव वर्षांचे होते, हयात होते. 'समाजस्वास्थ्य'चा नोव्हेंबरचा अंक तेवढा निघाला. त्यानंतर मासिक बंद पडले.