पावणेनऊ मिलिमीटरचं अक्षर

हर्मन स्नेलेन कोण, असं आमच्या विंगमध्ये विचारलं तर कुणालाच सांगता आलं नाही. आणि त्यातले निम्मे चष्मेवाले! मित्रांनो, वर एक भलंमोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी, तो दवाखान्यातला तक्ता या डच माणसाचा.

स्नेलेन यांचा जन्म १८३४ साली झाइस्ट गावी झाला. १८५७ मध्ये युट्रेख्टला ते डॉक्टर झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे गुरू डोंडर्स यांनी तिथे डोळ्यांचं हॉस्पिटल काढलं आणि स्नेलेन तिथे लागले. त्या काळी नजर तपासायला कुठलाही छापील मजकूर पुढे धरायचे. टाइप वेगळा की माप वेगळं. डोंडर्सना पक्कं माप हवं होतं. ते काम त्यांनी या शिष्यावर सोपवलं. स्नेलेन यांनी आधी चौकोन, वर्तुळं अशा खुणा करून पाहिल्या, पण पेशंटला त्या नीट सांगताच येईनात. मग अक्षरं घेतली. १८६२ मध्ये तक्ता छापला.

त्यातली आयडिया आपल्याला लगेच कळेल अशी आहे. अक्षराने डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करायचा, रेघेची जाडी १ मिनिटाची. ६ मीटरवर टॅन काढा, उंची ८.७ मिमी येते. ते वाचता आलं की नजर ६/६. पुढे ते प्रोफेसर झाले, १८८४ ते १९०३ त्याच हॉस्पिटलचे प्रमुख होते आणि १९०८ मध्ये वारले. आयुष्य तसं सरळच, म्हणजे सिनेमा निघण्यासारखं काही नाही.

मी शहाद्याचा. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला ए-बी-सी लवकर आलं. पण आमच्याच जिल्ह्यात धडगावच्या डोंगरात घरी पावरी बोलणारी पाच वर्षांची मुलगी तक्ता कसा वाचणार? तिच्यासाठी त्याच मापाचा फिरता 'ई' आहे. त्याची टोकं जिकडे, तिकडे बोट दाखवायचं, झालं. एक डोळा कमजोर असेल तर मेंदू हळूहळू त्याच्याकडे दुर्लक्षच करायला लागतो. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर तो सुधारण्याची शक्यता खूप जास्त. पण मूल स्वतःहून तक्रार करत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं.

आता हाच 'ई' स्मार्टफोनवर आलाय. 'पीक अॅक्युटी' अॅपमध्ये २ मीटरवरून तपासतात, म्हणजे ६/६ चं अक्षर जेमतेम २.९ मिमी. केनियात शाळेतल्या शिक्षकांनीच फोनवर मुलं तपासली. २०१८ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोष सापडलेल्या मुलांच्या पालकांना एसएमएस गेले, तिथे ५४ टक्के मुलं दवाखान्यात पोचली. नेहमीच्या पद्धतीत फक्त २२.

आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या-शाळांत जातात. फोन त्यांच्या हातात देणं सोपं आहे. पण दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, आणि डोंगरात रेंज नसते. त्या मुलीचा एसएमएस कुणाच्या फोनवर पाठवायचा, हे मात्र कुठल्याच टॅनमधून निघत नाही.