नाथांनी निवडलेला खेळ

छत्रपती संभाजीनगरातील उस्मानपुरा भागात महापालिकेचे संत एकनाथ रंगमंदिर आहे. तेथे प्रयोग करू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे पहिला प्रश्न असतो तो संहितेचा. गर्दी खेचणारे नाटक घ्यावे की विचार देणारे? मुंबई-पुण्यात गाजलेले घ्यावे की इथल्या बोलीतले? ज्यांचे नाव या वास्तूला लाभले, त्या संत एकनाथांपुढेही साडेचारशे वर्षांपूर्वी असाच पेच उभा राहिला होता आणि त्याची किंमत त्यांना घरातच मोजावी लागली होती.

इ. स. १५३३ च्या सुमारास पैठण येथे नाथांचा जन्म झाला. संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्याने आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला. लहान वयातच ते देवगिरीला गेले आणि तेथील किल्ल्यावर अधिकारी असलेल्या जनार्दनस्वामींच्या सेवेत राहिले. गुरूंच्या आज्ञेने तीर्थयात्रा करून ते पैठणला परतले आणि गिरिजाबाईंसह त्यांनी संसार मांडला.

पैठण हे शास्त्री-पंडितांचे नगर. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या नाथांना पंडितसभेत मानाचे स्थान सहज मिळाले असते. त्यांनी मात्र मराठीची निवड केली. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची विस्तृत टीका १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण झाली. धर्मग्रंथ प्राकृतात आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी आधी त्यांना जाब विचारला आणि पुढे त्याच ग्रंथाचा गौरव केला, असे परंपरा सांगते. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

ग्रंथ वाचणाऱ्यांपर्यंत पोहोचतो. अक्षरओळख नसलेल्यांचे काय? त्यांच्यासाठी नाथांनी भारुडाचा आश्रय घेतला. सुमारे ३०० भारुडे त्यांच्या नावावर आहेत. वासुदेव, जोशी, गोंधळी, पिंगळा, फकीर अशी गावात रोज दिसणारी माणसे त्यांनी पात्रे म्हणून उभी केली. सासुरवाशिणीचे गाऱ्हाणे, विंचवाचा दंश, भुताची बाधा हे विषय श्रोत्यांच्या अनुभवातले होते. हसता हसता श्रोत्यांना उमगे, की हा विंचू कामक्रोधाचा आहे. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या महाराच्या मुखातून त्यांनी वेदान्त वदविला, तर हिंदू आणि तुर्क यांना एका संवादात समोरासमोर आणून वाद घालू दिला आणि अखेरीस त्यांचा समेटही घडविला. भारुडाला ना पडदा लागतो, ना नेपथ्य. सोंग, टाळ-मृदंग आणि साथ देणारा समुदाय एवढी सामग्री त्याला पुरते.

या निवडीला सर्वांत बोचरा विरोध झाला तो पुत्र हरिपंडितांचा. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्या विद्वान मुलाला रुचेना. ते घर सोडून काशीला गेले. महिपतींच्या संतचरित्रपरंपरेनुसार नाथ त्यांना परत आणण्यासाठी स्वतः गेले. मराठीत पुराण सांगू नये आणि परान्न घेऊ नये, या मुलाच्या अटीही त्यांनी मान्य केल्या. मग हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले आणि वाड्यातील श्रोते दिवसेंदिवस घटत गेले. पुढे मुलाचा अभिमान गळाला आणि नाथांचे मराठी निरूपण पुन्हा सुरू झाले. कथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तरी रिकाम्या बैठकीचा हा तपशील नाट्यव्यवसायातील कोणालाही ओळखीचा वाटावा.

१५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. भावार्थ रामायण अपुरे राहिले. ते त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केले. नाथषष्ठीला पैठणची वाट आजही वारकऱ्यांनी फुलून जाते आणि भारूड आजही रंगते.

श्रोत्यांना आवडेल तेवढेच देणे नाथांनी पत्करले नाही आणि त्यांना कळणार नाही असे काही सांगून स्वतःची विद्वत्ताही मिरविली नाही. अवघड आशय त्यांनी ओळखीच्या माणसांच्या तोंडी घातला. उस्मानपुऱ्यातील रंगमंचासाठी पुढची संहिता निवडताना हीच कसोटी लावून पाहावी. समोर बसणाऱ्या माणसाला त्या नाटकात आपले घर, आपली बोली सापडते का आणि घरी परतताना तो काही नवे घेऊन जातो का, एवढे तपासले तरी पुरेसे आहे.