आगरकर आणि बनावट पत्रे

विद्यार्थी मित्रांनो, बारामती किंवा इंदापूरच्या बाजारात तुम्ही रोज वर्तमानपत्रे पाहता. बातमी छापून आली म्हणजे ती खरीच असणार, असे तुम्हांला वाटत असेल. पण छापलेली गोष्टही खोटी असू शकते आणि तिच्यामुळे एखाद्याची अब्रू जाऊ शकते. आपल्या जिल्ह्यातील पुणे शहरात एका थोर संपादकाला हा अनुभव आला.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली कराडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची गरिबी असूनही ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. १८८१ साली टिळक, आगरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात ‘केसरी’ हे मराठी आणि ‘मराठा’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक झाले.

त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. त्यांना वेड लागले आहे, असे सरकार म्हणे. दिवाण माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात, असे लोक म्हणत. अशातच काही पत्रे पुढे आली. ती बर्वे यांची आहेत, असे सांगण्यात आले. टिळक व आगरकर यांनी त्यावर विश्वास ठेवला आणि बर्वे यांच्यावर कडक टीका छापली.

बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, पण खटला थांबला नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले. लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले.

तुम्ही विचाराल, हेतू चांगला होता, मग शिक्षा का झाली? महाराजांविषयीची काळजी खरी होती. १८८३ साली अहमदनगरला कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. पण काळजी खरी असली, तरी पुरावा खोटा होता. चांगला हेतू खोट्या पत्राला खरे करू शकत नाही. ज्याची बदनामी झाली, त्याचे नुकसान तर होतेच.

पुढे १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ पत्र काढले. विरोधकांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी त्यांनी आपले विचार सोडले नाहीत. १८९५ साली, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी ते वारले.

मित्रांनो, कोणाविषयी वाईट ऐकले, तर ते पुढे सांगण्यापूर्वी खात्री करून घ्या. चूक झालीच, तर ती उघडपणे कबूल करा. गेलेला पैसा परत मिळवता येतो. गेलेली अब्रू सहज परत मिळत नाही.